पाकाची तार आणि परिषदेचे दार

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा आपल्याकडे एक गोड संकेत आहे. ताटात करंजी असावी, हातात अंक असावा आणि अंकातल्या लेखकाने वाचकाची पाठ थोपटावी, म्हणजे सण साजरा झाला! मला हा संकेत मान्य नाही. चार माणसे एका ठिकाणी निवांत बसलेली असतात ती वर्षातून याच चार दिवसांत. तेव्हा घरातली गोष्ट काढायची तर ती आताच काढली पाहिजे. माझे भांडण आमच्या विद्वानांशी आहे, आणि ते फराळाच्या ताटातूनच निघाले आहे. म्हणून करंजी बाजूला ठेवण्याची गरज नाही. खाता खाताच ऐका.

पदार्थविज्ञानाची एक शाखा आहे. तिला आपण 'मृदू द्रव्याचे विज्ञान' म्हणू. धड घन नाही आणि धड द्रवही नाही, अशा पदार्थांचा ती विचार करते. साबणाचा फेस, रंग, ग्रीस, रबर, दही, चिखल, टूथपेस्ट, रक्त ही सारी या शाखेची प्रजा. पाणी ओतले की वाहते आणि दगड ठेवला की राहतो; त्यांचे वागणे सरळ. पण श्रीखंडाचे काय? पातेले तिरके केले तर ते हलत नाही, चमच्याने ढवळले तर मुकाट्याने वळते. अशा दुतोंडी पदार्थांना 'जटिल द्रव' हे नाव आहे.

आता घरातल्या गृहिणीला विचारा, की हे शास्त्र तिला नवे आहे का? पाक एकतारी झाला की दोनतारी, हे ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब ताणून पाहते. प्रयोगशाळेत याच कामासाठी यंत्र असते. दोन चकत्यांमध्ये थेंब धरून त्या एकमेकींपासून दूर नेतात आणि मधली तार कशी बारीक होत जाते व किती वेळात तुटते ते मोजतात. तत्त्व तेच; फरक एवढाच, की यंत्राची किंमत भारी आणि आजीची बोटे फुकट. चकलीचे पीठ सोऱ्यात नुसते भरून ठेवले तर खाली गळत नाही. दाबले की तारेसारखे बाहेर येते आणि बाहेर पडताच पुन्हा आपला आकार धरून बसते. म्हणजे ठरावीक जोर लागेपर्यंत घन आणि त्यापुढे द्रव. या गुणाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या युजीन बिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञाने केला, आणि तो कशावर? १९१९ साली त्याने आपल्या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले, की भिंतीला द्यायचा रंग हा नुसता दाट द्रव नव्हे. तो जोर लागेपर्यंत न हलणारा पदार्थ आहे. म्हणून तर तो कुंचल्याखाली पसरतो आणि भिंतीवर ओघळत नाही! पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, या अभ्यासाला नाव मिळाले आणि १९२९ साली त्याची स्वतंत्र संस्थाही निघाली. कणीक तिंबून अर्धा तास झाकून ठेवली की पोळी नीट लाटली जाते, लगेच लाटायला गेले की आखडते. याचे कारणही याच शास्त्रात आहे. कणकेच्या आत ताणलेल्या धाग्यांना सैल व्हायला वेळ लागतो. पदार्थ घन की द्रव हे तुम्ही त्याला किती वेळ देता यावर अवलंबून असते, हा या शास्त्रातला फार मोठा विचार, आणि तो आपल्या परातीत रोज झाकलेला असतो.

१९९१ साली पिएर-जील द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाला याच क्षेत्रातल्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपला देशही मागे नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, आणि जगाने ते मानले. पुण्याला पाषाण रस्त्यावर १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. बहुवारिकांच्या, म्हणजे प्लॅस्टिक-रबराच्या लांबलचक साखळ्यांच्या, प्रवाहाचा तिथे मोठा अभ्यास झाला. डॉ. रघुनाथ माशेलकरांची कीर्ती प्रथम झाली ती याच विषयात. तेव्हा ज्ञान नाही, माणसे नाहीत, ही तक्रार मी करीत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

ती समजण्यासाठी आमचा पट्टा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून पुण्याकडे येताना देहूरोड ओलांडले की निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी. मग आत वळून भोसरी, मोशी, आणि इंद्रायणीपलीकडे चाकण. एके काळी चाकण म्हटले की फिरंगोजी नरसाळ्याचा किल्ला आणि कांद्याचा बाजार एवढेच आठवे. आज तिथे मोटारी आणि टायर तयार होतात. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या गावांचे रूप बदलले. पण या पट्ट्यातल्या पहिल्या मोठ्या जटिल द्रवाची कथा त्याच्याही आधीची आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन निघू लागले. पेनिसिलीन बुरशीपासून होते. ती टाकीतल्या रसात वाढते तसे तिचे धागे एकमेकांत गुंततात आणि पातळ रसाची खीर होते. त्या खिरीत हवा खेळली नाही तर बुरशी गुदमरते, आणि जोरात ढवळावे तर धागे तुटतात. औषध किती मिळणार हे या घोटाळ्यावर ठरते! याच कारखान्यातल्या संशोधकांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले, आणि ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव घातले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगाच्या शास्त्रग्रंथांत पिंपरी गेली ती अशी. पुढे त्या कारखान्यावर वाईट दिवस आले. पण नाव कोरले ते कोरलेच.

आज या पट्ट्यातल्या कोणत्याही शेडमध्ये शिरा. लेथवर दुधासारखे पांढरे कूलंट वाहते आहे: तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले. बेअरिंगमध्ये ग्रीस भरले जाते आहे: साबणाच्या जाळीत कोंडलेले तेल. मोल्डिंगच्या यंत्रातून वितळलेले प्लॅस्टिक साच्यात जाते आहे, टायरसाठी रबराचे कंपाउंड मळले जाते आहे, आणि रंगखात्यात मोटारीचे अंग रंगाच्या हौदात बुडते आहे. या शास्त्रावर इतक्या माणसांचे पोट अवलंबून असलेली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मी स्वतः रंगखात्यात एकतीस वर्षे काढली आहेत. रंग ओघळला की पाळीचा हिशेब कसा ओघळतो, ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तर आमच्याच भागातल्या एका शिक्षणसंस्थेत काही दिवसांपूर्वी या विषयावरची विभागीय संशोधन-सभा भरली होती. माझा भाचा तिथे नोकरीला. त्याच्या ओळखीने मला मागच्या रांगेत जागा मिळाली. नावनोंदणीच्या कागदावर 'संस्था' असा रकाना होता. 'निवृत्त' ही काही संस्था नव्हे, असे टेबलावरच्या गृहस्थांनी मला समजावले. असो. व्याख्याने चांगली होती, हे मी मोकळेपणाने सांगतो. एका तरुण शास्त्रज्ञाने वाळणाऱ्या थरांना भेगा का पडतात ते दाखवले. पडद्यावर भेगांचे जाळे उमटले आणि मला आमचे रंगखाते दिसू लागले. मी उठून मराठीत विचारले, की खालचा पत्रा तापलेला असला तर या भेगा लवकर पडतील का. सभेत क्षणभर शांतता पसरली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि इंग्रजीत सुचवले, की हा प्रश्न चहाच्या वेळी घ्यावा. त्यानंतर एका प्राध्यापकांनी जवळजवळ तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. त्याला पाच मिनिटे मिळाली!

चहाच्या वेळी काय झाले, तेही ऐका, कारण माझा सारा मुद्दा त्यातच आहे. संशोधन करणारी एक मुलगी हातात कप घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुमच्या प्रश्नाचं सांगू का?" आणि तिने दहा मिनिटांत शुद्ध घरगुती मराठीत सगळे सांगितले. पाणी उडून जाते तसे रंगाचे कण एकमेकांजवळ ओढले जातात. थर आकसू पाहतो, पण खाली पत्र्याला चिकटलेला असतो. मग तो ताण सहन न होऊन फाटतो. थर एका मर्यादेहून जाड असला तरच भेग पडते. पातळ असला तर पडत नाही. पत्रा तापलेला असला तर पाणी घाईने उडते आणि आतल्या ताणाला सैल व्हायला सवड मिळत नाही. मी म्हटले, "म्हणजे आमचे उस्ताद एक जाड हात देऊ नका, दोन पातळ हात द्या म्हणायचे, ते बरोबर होते." ती हसून म्हणाली, "बरोबरच होतं. फक्त का, ते त्यांना कुणी सांगितलं नाही."

फक्त का, ते कुणी सांगितले नाही! या एका वाक्यावर माझा सारा खटला उभा आहे. एका बाजूला 'कसे' जाणणारे हजारो हात, दुसऱ्या बाजूला 'का' जाणणारी शेपन्नास डोकी. आणि मध्ये एक दार, ज्याची कडी इंग्रजीची आहे.

यावर विद्वानांकडून मला तीन उत्तरे मिळाली आहेत. पहिले उत्तर असे, की मराठीत परिभाषा नाही. हे उत्तर देणाऱ्यांनी मराठी विश्वकोश कधी उघडलेला नसतो. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणाला 'कलिल' हा शब्द आहे. दाटपणाला 'श्यानता' आहे. पृष्ठावरच्या ओढीला 'पृष्ठताण' आहे. आणि तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणाला तर आपल्या पूर्वसूरींनी 'पायस' म्हटले आहे. खिरीचा शब्द उचलून शास्त्रात बसवला! इतकी रसिकता ज्यांनी दाखवली त्यांची पुस्तके वाचनालयात धूळ खातात, आणि आम्ही म्हणतो शब्द नाहीत. शब्द पेटीत आहेत. घालून मिरवायला कुणी तयार नाही. आणि शब्द कठीण वाटला तर 'ग्रीस', 'कूलंट', 'कंपाउंड' हे शब्द कामगाराने केव्हाच मराठी करून टाकले आहेत. त्याला कुणा समितीची परवानगी लागली नाही.

दुसरे उत्तर असे, की सोपे करून सांगितले की शास्त्र उथळ होते. हे उत्तर मला अधिक गंभीर वाटते. कारण उथळ सांगणारेही आहेत. दोन चमत्कार दाखवायचे, मुलांकडून टाळ्या घ्यायच्या आणि त्याला विज्ञानप्रसार म्हणायचे, हा धंदा मलाही आवडत नाही. पण त्या मुलीने मला जे सांगितले त्यात उथळ काय होते? थर, ताण, जाडीची मर्यादा, वेळ: चारही गोष्टी जागच्या जागी होत्या. फक्त सूत्रे नव्हती. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते पुष्कळदा आपल्यालाच पुरते कळलेले नसते. मग परकी भाषा ही विद्वत्तेची झूल होते आणि आत काय आहे ते कुणी पाहत नाही.

तिसरे उत्तर असे, की कामगाराला आणि बायाबापड्यांना याची गरजच काय? आठ तास यंत्र चालवावे, घरी जावे. या उत्तराचा मला संताप येतो, आणि त्याचे कारण नदीकाठी आहे.

दिवाळी संपली की कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते. लाखो वारकरी इंद्रायणीत स्नानाला उतरतात. गेल्या काही वर्षांत त्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीगच्या ढीग तरंगताना लोकांनी पाहिले आहेत, वर्तमानपत्रांनी छापले आहेत. एका काठाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या काठाकडे चाकणचा पट्टा, आणि मध्ये ज्ञानोबा-तुकोबांची नदी. फेस हा मृदू द्रव्याचा अगदी पहिल्या धड्यातला पदार्थ. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाणी टाळते. म्हणून हे रेणू पाण्याच्या पृष्ठावर दाटीने उभे राहतात, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळून त्यात हवा मिसळली की प्रत्येक बुडबुड्याला त्यांचा अंगरखा मिळतो. स्वच्छ पाण्यातला बुडबुडा क्षणात फुटतो. हा फुटत नाही. म्हणजे टिकणारा फेस ही नदीने दिलेली साक्ष आहे, की शुद्ध न केलेले सांडपाणी माझ्यात सोडले गेले आहे. त्यात कारखान्यांचे पाणी आहे तसे तुमच्या-माझ्या न्हाणीघराचे आणि धुण्याच्या यंत्राचेही आहे.

हे संकट जगात पहिल्यांदा आपल्यावर आलेले नाही. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड-जर्मनीतल्या नद्यांवर असाच फेस चढला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधले: त्या वेळच्या डिटर्जंटच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती आणि ती जंतूंना खाता येत नव्हती. शेपटी सरळ केली तर जंतू ती खाऊन टाकतात. हे कळल्यावर लोकांनी ओरड केली, १९६१ साली जर्मनीत कायदा झाला, १९६४ पासून तो अमलात आला. उत्पादकांना रेणू बदलावा लागला आणि फेस ओसरला. आपल्याकडचे डिटर्जंट आज बहुतांशी सरळ शेपटीचेच आहेत. म्हणजे जंतू ते खातील. पण त्यासाठी सांडपाणी आधी शुद्धीकरणाच्या टाक्यांतून जायला हवे, तिथे हवा आणि वेळ मिळायला हवा. थेट ओढ्यात सोडले तर बिचारे जंतू काय करणार?

ध्यानात घ्या, जर्मनीत हे घडले ते शास्त्रज्ञ, कारखानदार, कायदा करणारे आणि घरात कपडे धुणारे यांच्यात एक भाषा समान होती म्हणून. आपल्याकडे फेसावर फवारा मारून तो दिसेनासा करावा असे कुणी सुचवले, तर त्याला 'अहो, फेस म्हणजे रोग नव्हे, लक्षण आहे' असे ठणकावून सांगणारा नागरिक तयार आहे का? तो तयार व्हायचा तर त्याला 'का' कळले पाहिजे. म्हणून गरज आहे. ती शास्त्राच्या शोभेसाठी नसून आळंदीच्या पाण्यासाठी आहे.

या खटल्यात फक्त विद्वानच आरोपी नाहीत. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर लहान झाले की रस्त्यावर उतरणारे आपण, मुलाला मराठीतून विज्ञान शिकवा म्हटले की तोंड फिरवतो. मुलाच्या पगाराचा आकडा चार पाहुण्यांना सांगतो. तो नेमके काय काम करतो हे विचारले तर 'कॉम्प्युटरचे काहीतरी' म्हणतो. दार आतून बंद आहे हे खरे. पण बाहेरून कुणी ठोठावतही नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा माझे मागणे काय? परिषदा बंद करा असे मी म्हणत नाही. इंग्रजी सोडा असेही म्हणत नाही. जगाशी बोलायला ती हवीच. मागणे एवढेच, की या पट्ट्यात किंवा पुण्यात अशी सभा भरेल तेव्हा तिचा अर्धा दिवस मराठीत असावा आणि त्याचे दार उघडे असावे. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ विज्ञान केंद्र आहे. जागेची सबब सांगू नका. त्या अर्ध्या दिवसात तीन गोष्टी व्हाव्यात. संशोधकांनी आपल्या कामाचा गाभा मराठीत सांगावा. कारखान्यातल्या माणसांनी आपले अडलेले प्रश्न मांडावेत: कूलंट नासते का, रंग ओघळतो का, वापरलेले तेल-पाणी वेगळे कसे करावे. आणि एक प्रश्न या मातीचा असावा. पहिल्या वर्षी इंद्रायणीचा फेस. सभेच्या शेवटी निबंधांचे सार मराठीत छापावे आणि ते इथल्या शाळांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पोचवावे. याला फार पैसा लागत नाही. थोडा संकोच सोडावा लागतो.

आणि शास्त्रज्ञांचाही यात फायदाच आहे. बिंगहॅमला त्याचा सिद्धांत रंगाच्या डब्यात सापडला, हे विसरू नका. अलीकडे या शास्त्राची एक नवी फांदी फुटली आहे. पक्ष्यांचे थवे, माशांचे कळप अशी स्वतः चालणारी गर्दी द्रवासारखी कशी वाहते, याचा ती विचार करते. १९९५ पासून जगभर त्यावर काम चालले आहे आणि बंगळूरचे श्रीराम रामस्वामी त्यातले मोठे नाव. आता ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दिंड्या एकमेकींत न मिसळता अरुंद रस्त्यातून कशा सरकतात, टाळाच्या ठेक्यावर वेग कसा सांभाळतात, हे पाहायला कुणी शास्त्रज्ञ रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याने एखाद्या चोपदाराला चार प्रश्न मराठीत विचारले, तर त्याला असे काही मिळेल जे पडद्यावरच्या ठिपक्यांत मिळणार नाही.

ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हाही 'हे प्राकृतात कसे सांगणार' म्हणणारे पंडित होतेच. त्या पंडितांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. ज्यांच्या घरापासून आळंदी दुचाकीवरून जाण्याइतकी जवळ आहे, त्यांनी तरी पंडितांच्या बाजूला उभे राहू नये.

आता पाकाकडे लक्ष द्या. गप्पांत तार पुढे जाते. आणि शेजारी बसलेल्या पोराने 'पाकाला तार का येते' असे विचारले, तर 'गप बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर ज्यांना येते त्यांचे दार दोघांनी मिळून ठोठवा. जोरात ठोठवा. मी तिथे आधीच उभा आहे.